काळी बुरशी व तिचे विकर

शिळा पाव ओलसर जागी ठेवला असता त्यावर कापसासारखी बुरशी चढते, हे आपण पाहिलेच असेल. ती बहुधा ऱ्हायझोपस कुळातील असते. याच कुळातील तिच्या भगिनी मनुष्यास म्युकरमायकोसिस हा रोग जडवितात. सन २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीपाठोपाठ महाराष्ट्रात या रोगाने कित्येकांचे डोळे, कित्येकांचे प्राण हिरावून नेले. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्र सरकारने १८९७ च्या साथरोग कायद्यान्वये त्याची नोंद सक्तीची करण्यास राज्यांस सांगितले.

आमच्या कृष्णा-तारळीच्या काठी माती, उकिरडा व कुजणारे पाचट यांची वाण नाही. अशाच ठिकाणी या बुरशीचे बीजाणू वाढतात व श्वासावाटे आपणां सर्वांच्या फुप्फुसांत जातात. मग सर्वांसच रोग का होत नाही? तेथे महाभक्षी पेशींचा पहारा असतो म्हणून. त्या बीजाणूंस गिळतात. गिळलेला प्रत्येक बीजाणू मरतोच असे नाही. परंतु पेशी त्यास लोह मिळू देत नाही, आणि लोहावाचून त्याची वाढ होत नाही.

मधुमेह अनावर झाला म्हणजे मात्र हा बंदोबस्त ढिला पडतो. शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागते व रक्तात किटोन नामक आम्लद्रव्ये साठतात. आम्लतेमुळे रक्तातील वाहक प्रथिनाची लोहावरील पकड सुटते. महाभक्षी पेशीही दुर्बळ होतात. ऱ्हायझोपसपाशी तर किटोन रिडक्टेज नावाचे विकर असते. विकर म्हणजे सजीवांतील रासायनिक क्रिया त्वरेने घडविणारे प्रथिन. याच्या साहाय्याने ही बुरशी अशा आम्ल, शर्करायुक्त रक्तातही जोमाने वाढते. तिचे तंतू रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करतात; मांस मरून काळे पडते. 'काळी' हे नाव त्यावरून पडले. बुरशी स्वतः काळी नव्हे.

कोरोनाच्या रोग्यांस दिलेल्या स्टिरॉइड औषधांनी अनेकांचे प्राण वाचविले. परंतु तीच औषधे रक्तातील साखर वाढवितात व महाभक्षी पेशींस दुबळे करतात. म्हणून पालकांस आमची विनंती की, मधुमेह असल्यास साखर वेळोवेळी तपासावी व स्टिरॉइड डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये. चेहऱ्याची एक बाजू सुजली, डोळा दुखू लागला अथवा नाकातून काळसर स्राव आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हा रोग माणसापासून माणसास होत नाही. तेव्हा रोग्यास दूर लोटू नये, त्याची सेवा करावी. प्रभूने आपणांस तेच शिकविले आहे.