डावी बाजू : सायकलस्वारीविषयी एक पाठ

(इयत्ता सहावी व सातवी. तासिका चार.)



आपल्या जिल्ह्यातील प्राथमिक शाळांचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ती ही की, गाव आणि शहर यांच्यामधील शीव आता पूर्वीसारखी उरलेली नाही. पुण्यालगतची आंबेगाव, धायरी, उंड्री, शिवणे आदी अकरा गावे २०१७ साली आणि वाघोली, नऱ्हे, खडकवासला, मांजरी बुद्रुक आदी तेवीस गावे २०२१ साली महानगरपालिकेच्या हद्दीत घेण्यात आली. त्यांच्या पलीकडील गावे हद्दीबाहेर राहिली खरी. तथापि शहराची वाहतूक त्यांच्याही दारावरून अखंड वाहत असते. आपल्या शाळेतून बाहेर पडून माध्यमिक शाळेत जाणारा मुलगा ज्या रस्त्याने सायकल नेतो, तो रस्ता आज पाण्याच्या टँकरांचा, खडी वाहणाऱ्या मालमोटारींचा आणि घाईने कामावर जाणाऱ्या हजारो दुचाकींचा झाला आहे.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. कचेऱ्यांच्या आणि कारखान्यांच्या वेळी रस्त्यावर सायकलींचा लोंढा असे. रात्री दिव्याविना सायकल नेली किंवा दुसऱ्यास बसवून नेले, तर पोलीस अडवीत. त्या काळी सायकलस्वार रस्त्यावर बहुसंख्य होता आणि इतरांस त्याच्या गतीचा विचार करून चालावे लागे. आज तो अल्पसंख्य आहे. बहुसंख्यांच्या मध्ये अल्पसंख्याने कसे चालावे, हे पूर्वी कोणी शिकविले नाही. कारण त्याची गरजच नव्हती. ती गरज आज निर्माण झाली आहे आणि ती भागविण्याचे काम प्राथमिक शाळेकडे आले आहे.

हा पाठ प्रस्तुत लेखकास का लिहावासा वाटला, ते आधी सांगणे योग्य होईल. "रस्त्याच्या डाव्या बाजूने चालावे" हे वाक्य मी वर्षानुवर्षे मुलांकडून पाठ करून घेतले. परीक्षेत ते विचारले आणि बरोबर उत्तरास पूर्ण गुणही दिले. काही वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, माझ्या वर्गातून आठवीस गेलेला एक मुलगा सकाळी सायकलवरून शाळेत चालला होता. चौकात तांबडा दिवा लागला. पुढे पाण्याचा टँकर उभा होता आणि त्याच्या डाव्या अंगास, पदपथाला लागून, दोन हात रुंदीची वाट मोकळी होती. मुलगा त्या वाटेने पुढे गेला आणि टँकरच्या पुढच्या चाकाजवळ जाऊन थांबला. हिरवा दिवा लागताच टँकर डावीकडे वळला. पुढचे चाक मुलापासून दूर गेले. परंतु मागचे चाक त्याच्या सायकलीवरून गेले. मुलगा पदपथावर फेकला गेला म्हणून वाचला. त्याचा डावा पाय दोन ठिकाणी मोडला आणि तो तीन महिने अंथरुणाला खिळून होता.

मी त्याला भेटावयास गेलो तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, मी तर डाव्याच बाजूने होतो."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्याला खरोखरच समजत नव्हते की, नियम पाळूनही असे का घडावे. मलाही त्या क्षणी उत्तर देता आले नाही. घरी येताना ध्यानात आले की, तो नियम मोडल्यामुळे तेथे गेला नव्हता. मी शिकविलेला नियम त्याच्या ध्यानात होता, म्हणूनच तो तेथे गेला होता. नियम खोटा नव्हता. त्याचे कारण आणि त्याची मर्यादा मात्र मी कधी शिकविली नव्हती. प्रस्तुत पाठाचा हेतू ती उणीव भरून काढणे हा आहे.

पहिली तासिका : सायकलीची ओळख

आरंभी शाळेच्या अंगणात एक सायकल उभी करावी आणि तिच्या जन्माची हकिकत थोडक्यात सांगावी. १८१७ साली जर्मनीत कार्ल ड्रेस याने दोन चाकांची लाकडी गाडी केली. तिला पायडल नव्हते. स्वार जमिनीवर पाय रेटून ती पुढे नेई. पुढे १८७० नंतर उंच सायकल आली. तिचे पुढचे चाक पुरुषभर उंचीच्या जवळपास जाई व मागचे अगदी लहान असे. स्वार त्या चाकाच्या माथ्यावर बसे आणि लहानशा दगडाने चाक अडले तरी डोक्यावर आपटे. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ले याने सारख्या आकाराची दोन चाके, मागच्या चाकास साखळी आणि बेताची उंची असलेली सायकल बाजारात आणली. तिला लोक 'सुरक्षित सायकल' असेच म्हणू लागले. १८८८ साली डनलॉप याने हवेच्या धावेचा शोध पुढे आणला. आज आपण वापरतो ती सायकल या सुरक्षित सायकलीचीच वंशज होय. सुरक्षितता ही सायकलीस मागाहून चिकटविलेली गोष्ट नसून तिच्या रचनेतच ती आहे, हे मुलांच्या मनावर ठसवावे.

त्यानंतर मुलांनी स्वतः सायकल तपासावी. टायर अंगठ्याने दाबून हवा पाहावी. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलावी. चाक फिरता कामा नये. ब्रेकची रबरे झिजून लोखंड उघडे पडले आहे काय, हे वाकून पाहावे. साखळी फार सैल नसावी. घंटा वाजली पाहिजे. मागे तांबडा परावर्तक असावा आणि तो चिखलाने माखलेला नसावा. पँटची डावी-उजवी पाचरे न पाहता उजव्या पायाची पट्टी आवळावी, कारण साखळी त्या बाजूस असते. ओढणी कमरेशी बांधावी. दप्तर हँडलला कधीही अडकवू नये. ते पाठीवर घ्यावे किंवा कॅरिअरवर बांधावे. हँडलला लटकलेले दप्तर वळणावर झोके घेते आणि हँडल आपल्या हातात राहत नाही.

सायकल मुलाच्या मापाची असणे ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. वडिलांची बावीस इंची सायकल मधल्या दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारीत नेणे यात मुलांस पराक्रम वाटतो. गावच्या मैदानात ते चालेल. शहराच्या रस्त्यावर चालणार नाही. दांड्याच्या दोन्ही बाजूंस पाय ठेवून उभे राहिले असता दोन्ही टाचा जमिनीस टेकल्या पाहिजेत. ज्याचे पाय पोचत नाहीत, त्याला एकदम थांबता येत नाही.

दुसरी तासिका : ओली चाके

हे प्रात्यक्षिक या पाठाचा गाभा आहे. अंगणातील कोरड्या फरशीवर सायकल आणावी. तिची दोन्ही चाके पाण्याने चांगली भिजवावीत आणि एका मुलास ती हाताने धरून डावीकडे वळण घ्यावयास सांगावे. जमिनीवर दोन ओल्या रेषा उमटतील. मुलांस विचारावे : पुढच्या चाकाची रेषा कोणती? मागच्याची कोणती? आत कोणती आहे?

मागच्या चाकाची रेषा आत असते, हे मुले स्वतः शोधून काढतील. सातवीच्या मुलांस याचे गणितही करता येते. वळणाचा मध्यबिंदू मागच्या चाकाच्या आसाच्या रेषेत असतो. हा मध्यबिंदू, मागचे चाक आणि पुढचे चाक या तीन बिंदूंनी काटकोन त्रिकोण होतो; काटकोन मागच्या चाकापाशी येतो. सायकलीच्या दोन चाकांतील अंतर सुमारे १ मीटर धरले आणि पुढचे चाक मध्यापासून ३ मीटरवर असले, तर पायथागोरसच्या सिद्धान्तानुसार मागच्या चाकाचे अंतर ८ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे २.८३ मीटर येते. फरक १७ सेंटिमीटरांचा, म्हणजे एका वितीहूनही कमी.

आता मालमोटारीचे उदाहरण घ्यावे. तिच्या पुढच्या व मागच्या चाकांत ५ मीटर अंतर आहे आणि डावे पुढचे चाक मध्यापासून १० मीटरवर आहे, असे धरावे. १०० मधून २५ वजा जाता ७५ उरतात. त्याचे वर्गमूळ सुमारे ८.६६. म्हणजे मागचे चाक पुढच्या चाकापेक्षा सुमारे १३४ सेंटिमीटर आतून जाते. खडूने जमिनीवर एवढी रुंदी आखावी आणि तीत सायकल उभी करावी. सायकल स्वारासह त्या पट्ट्यात मावते. पुढचे चाक निघून गेले म्हणजे संकट टळले, असे जे आपणांस वाटते, ते किती चुकीचे आहे हे निराळे सांगावे लागत नाही.

याच तासिकेत दुसरे प्रात्यक्षिक करावे. पोषण आहाराचे धान्य घेऊन येणारा टेम्पो शाळेत आला म्हणजे चालकाची अनुमती घ्यावी. वाहन बंद करून किल्ली शिक्षकाने आपल्या हाती ठेवावी आणि एकेका मुलास चालकाच्या आसनावर बसवावे. दुसऱ्या मुलाने वाहनाच्या डाव्या दाराशी उभे राहावे. आपल्या देशात चालक उजवीकडे बसतो. त्यामुळे डाव्या दाराखालचा बराच भाग त्याला दिसत नाही. "तुझा मित्र कोठे आहे?" असे आसनावरील मुलास विचारावे. तो शोधू लागला की पाठ शिकविला गेला, असे समजावे.

यावरून नियमाचे पूर्ण रूप फळ्यावर लिहावे : रस्त्याच्या डाव्या बाजूने चालावे, परंतु मोठ्या वाहनाच्या डाव्या अंगास शिरू नये. चौकात त्याच्या मागे थांबावे. ज्या आरशात आपणांस चालकाचा चेहरा दिसत नाही, त्या आरशात चालकासही आपण दिसत नाही.

तिसरी तासिका : अंतर आणि वेळ

सायकल ताशी १५ किलोमीटर वेगाने चालली, तर एका सेकंदात ती सुमारे ४ मीटर जाते. धोका दिसणे आणि हात ब्रेककडे जाणे यांत साधारणतः एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच आपण ४ मीटर पुढे गेलेलो असतो. ताशी ४० किलोमीटर वेगाच्या दुचाकीचे हेच अंतर ११ मीटर होते. मुलांनी ही दोन्ही अंतरे पावलांनी मोजावीत. पावसात चाकाची कड ओली असते, तेव्हा ब्रेक उशिरा धरतो. म्हणून अंतर अधिक ठेवावे, दोन्ही ब्रेक एकदम व हळूहळू दाबावेत आणि वळणावर ब्रेक न दाबता वळणापूर्वीच वेग कमी करावा.

उभ्या मोटारींच्या रांगेजवळून जाताना एक मीटर अंतर सोडावे. डावीकडे उभ्या असलेल्या मोटारीतील चालकाचे दार रस्त्याच्या बाजूस उघडते आणि ते पुष्कळदा मागे न पाहता उघडले जाते. तसेच पदपथाला अगदी खेटूनही जाऊ नये. तेथे जाळ्यांची झाकणे, वाळू आणि फुटलेल्या काचा असतात. त्या चुकविण्यासाठी मुलगा एकाएकी उजवीकडे येतो आणि मागून येणाऱ्यास ते अनपेक्षित असते. सरळ रेषेत चालणारा सायकलस्वार इतरांस कळतो; वेडावाकडा चालणारा कळत नाही. साचलेल्या पाण्यातून जाऊ नये, कारण त्याखालचा खड्डा दिसत नाही. उजवीकडे वळावयाचे असता प्रथम मागे पाहावे, मग हात दाखवावा; धीर होत नसेल तर खाली उतरून, सायकल हाती धरून, पादचाऱ्याप्रमाणे रस्ता ओलांडावा. यात कमीपणा मुळीच नाही.

चौथी तासिका : आपला रस्ता

प्रत्येक मुलाने घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याचा नकाशा काढावा आणि त्यात चौक, उतार, गतिरोधक, बसथांबे व मोटारी उभ्या राहण्याच्या जागा दाखवाव्यात. ज्या जागी त्याला भीती वाटते ती तांबड्या खडूने रंगवावी. हे नकाशे पालकसभेत भिंतीवर लावावेत. पुणे महानगरपालिकेने २०१७ साली सायकलींसाठी सविस्तर आराखडा मान्य केला. रस्त्यांची आखणी मोठ्यांच्या हाती असते हे खरे. परंतु रस्त्याचा कोणता भाग मुलांस भिववितो, हे मुलांखेरीज कोणी सांगू शकत नाही. असे नकाशे शाळा व्यवस्थापन समितीमार्फत ग्रामपंचायतीकडे अथवा महानगरपालिकेकडे पाठविता येतात.

सायकलीवर शिरस्त्राण घालण्याची कायद्याने सक्ती नाही. तरीही पडल्यावर ते डोके वाचविते, हे पालकांस समजावून द्यावे. अपघात दिसल्यास ११२ किंवा १०८ या क्रमांकावर कळवावे. मदत करणाऱ्यास त्रास होऊ नये, असे संरक्षण मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने दिले आहे, हेही सांगावे.

शिक्षकांस एकच विनंती. हा पाठ भीती घालण्यासाठी शिकवू नये. सायकल मुलास स्वतःच्या पायांवर दूर नेते, त्याच्या बापाचे भाड्याचे पैसे वाचविते आणि मुलींची शाळा सुटू देत नाही. ती सोडून देणे हा उपाय नव्हे.

वर सांगितलेला मुलगा पुढे बरा झाला आणि पुन्हा सायकलवरून जाऊ लागला. त्या वर्षी ओल्या चाकांचे प्रात्यक्षिक मी प्रथम केले, तेव्हा तो सुटीच्या दिवशी आमच्या शाळेत आला आणि सायकल त्यानेच वळवून दाखविली. जमिनीवरच्या दोन रेषांकडे तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने लहान मुलांस आतली रेषा बोटाने दाखवून सांगितले, "मी इथं उभा होतो."

स्वाध्याय

१. मागचे चाक पुढच्या चाकाच्या आतून का जाते? आकृती काढून सांगा.
२. मालमोटारीच्या दोन चाकांतील अंतर ६ मीटर व पुढचे चाक मध्यापासून १० मीटरवर असल्यास मागचे चाक किती आतून जाईल?
३. तुमच्या रस्त्यावरील सर्वांत अवघड जागेचे वर्णन दहा ओळींत लिहा व तेथे तुम्ही काय कराल ते सांगा.
४. घरातील मोठ्या माणसास 'डाव्या बाजूचा नियम' त्याच्या कारणासह समजावून सांगा आणि त्यांनी कोणते प्रश्न विचारले ते लिहून आणा.