दहावी झाली, पुढे कुठे?

दहावीचा निकाल लागतो. घरोघर पेढे वाटतात. चार दिवसांनी एक प्रश्न उभा राहतो. मुलाला जवळच ठेवायचं, की दुसरीकडे घालायचं?

पूर्वी मॅट्रिकची परीक्षा अकरावीला असे. 1975 साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. पुढची दोन वर्षे वेगळी झाली. त्यांना कनिष्ठ महाविद्यालय म्हणतात. आपण ज्युनिअर कॉलेज म्हणतो.

धरा, कोपरखैरणे गावात एक घर आहे. बाबा कंपनीत कामाला जातात. आई बाजारात मासळी विकते. मुलगी दहावी पास झाली. तिच्या शाळेच्याच संस्थेचं कॉलेज आहे. पण तिथे फक्त कला आणि वाणिज्य शिकवतात.

आजी म्हणते, "पोर डोळ्यांपुढे राहू दे."

बाबा म्हणतात, "शेजारचा पोरगा ठाण्याला जाणार. हीसुद्धा जाईल."

आई विचारते, "अगं, तुला काय हवंय?"

मुलगी म्हणते, "आई, मला नर्स व्हायचंय. नर्सिंगची पदवी घ्यायचीय."

आता काय करावं? आपण तीन गोष्टी पाहू या.

पहिली गोष्ट शाखेची. नर्सिंगच्या पदवीला बारावीत विज्ञान लागतं. त्यात जीवशास्त्र हवं. वाणिज्य घेतलं, तर ही वाट बंद होते. म्हणून या मुलीने दुसरीकडे जाणं योग्य. पण शेजारच्या मुलाला वाणिज्यच घ्यायचं आहे. ते जवळ मिळतं. मग केवळ मित्र जातात म्हणून त्याने ठाणे का गाठावं? आपल्याच संस्थेच्या मुलांसाठी कॉलेज काही जागा राखतं. 2025 च्या नियमांत त्या 10 टक्के होत्या.

दुसरी गोष्ट वाटेची. कोपरखैरण्याहून ठाण्याला आणि वाशीला लोकल जाते. विद्यार्थ्याला पास सवलतीत मिळतो. पण पैशाइतकाच वेळही मोजा. घरापासून कॉलेजच्या दारापर्यंत किती वेळ लागतो? परत यायला अंधार होतो का? एक दिवस मुलीबरोबर स्वतः जाऊन या. आजीची काळजी खोटी नाही. वाट पाहिली की ती कमी होते.

तिसरी गोष्ट कॉलेजची. नाव ऐकून भुलू नका. आत जाऊन विचारा. प्रयोगशाळा चालू आहे का? तास रोज होतात का? मुलींसाठी स्वच्छ संडास आहे का? वर्षाची फी एकूण किती? अनुदानित तुकडीची फी कमी असते. विनाअनुदानित तुकडीची जास्त असते. आकडा कागदावर लिहून घ्या.

आता अर्ज. 2025 पासून साऱ्या राज्यात अकरावीचे अर्ज ऑनलाइन भरतात. त्या वर्षी 1 ते 10 कॉलेजांची नावे क्रमाने देता येत होती. यात एक मेख होती. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं, तर तिथे प्रवेश घ्यावाच लागे. नाही घेतला, तर पुढच्या नेहमीच्या फेऱ्यांतून नाव बाद होई. म्हणून जिथे खरंच जायचं आहे, तेच नाव पहिलं लिहा. नियम बदलतात. यंदाचे नियम शाळेत विचारून घ्या.

अर्ज दुकानात भरला, तरी दुकानदारावर सोडू नका. पाठवण्याआधी स्वतः वाचा. शाखा वाचा. कॉलेजचं नाव वाचा. क्रम वाचा. आता आपल्याला वाचता येतं. एका चुकीच्या ओळीने मुलीची दोन वर्षे भलतीकडे जातील.

शेवटी मुलीचं ऐका. अभ्यास तिला करायचा आहे. वाट आपण तिच्याबरोबर पाहायची आहे.

सांगा पाहू:
1. मुलीने कॉलेज का बदलावं?
2. शेजारच्या मुलाने का बदलू नये?
3. अर्ज पाठवण्याआधी कोणत्या तीन गोष्टी वाचाल?