दुपट्याची किनार

गोधडी मधोमध क्वचितच फाटते. ती जाते काठाकडून. कारण बघायचं असेल तर नवरात्राच्या आधी चांदवडच्या आसपास कुठल्याही विहिरीवर जाऊन उभं राहावं. घट बसायच्या आत घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघालं पाहिजे, हा इथला शिरस्ता. रेणुकामातेची यात्रा तोंडावर आलेली असते, पाहुणे यायचे असतात. चार-पाच थरांची गोधडी भिजली की एकटीला उचलत नाही. मग दोघी दोन टोकं धरतात आणि उलट्या दिशांनी पिळतात. सगळी ओढ कडांवर. वर्षभर रात्री पांघरूण खेचायचं तेही काठालाच धरून. आतले धावदोरे वर्षानुवर्षं शाबूत राहतात आणि किनार मात्र आधी उसवते, ती यामुळे.

एरवी उसवली तर पुन्हा शिवायची, त्यात काय मोठं! मीही असंच म्हणत आले. पण नातीच्या बाबतीत जे घडलं त्यानंतर किनारीकडे बघायची माझी नजर बदलली. म्हणून हे लिहायला बसले.

बारशाला एक दुपटं आलं होतं, विकतचं. मऊ, देखणं, कडेला गुलाबी पट्टी. ती पट्टी पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्यानं शिवलेली, त्यामुळे टाका दिसतच नव्हता. येणारी-जाणारी प्रत्येक बाई त्या सफाईचं कौतुक करून गेली. काही धुणी झाली. मग एका रात्री बाळ जे रडायला लागलं ते थांबेना. पाजून झालं, लंगोट बदलून झाला, बेंबीभोवती हिंग लावून झाला. शेवटी सून म्हणाली, "आई, पायाला हात लागला की जास्तच रडतेय ती." दुपटं सोडायला गेले तर ते पायापासून सुटेना. किनारीतून निघालेला दोरा पायाच्या दुसऱ्या बोटाभोवती आवळला होता. बोट सुजून जांभळं झालेलं. दोरा सुजेत रुतलेला आणि त्यात पारदर्शक, म्हणजे डोळ्यांना दिसायची सोय नाही. दुपट्याकडचा दोरा कापला आणि लेकरू तसंच उचलून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी भिंगातून बघत तो वेढा कापून काढला. हळूहळू बोटाचा रंग परत आला.

डॉक्टर म्हणाले, हे केसानंही होतं. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात. एखादा केस झबल्यात, मोज्यात, दुपट्यात राहतो आणि बोटाला वेढा घालतो. वेढ्यानं आधी परत जाणारं रक्त अडतं, बोट सुजतं. सुजलं की वेढा आणखी आवळतो, आणि मग येणारं रक्तही थांबतं. फार वेळ गेला तर बोट हातचं जाऊ शकतं. तान्ह्या बाळाला बोट दाखवून सांगता येत नाही, ते फक्त रडतं. आणि आपण पोटदुखी समजून हिंग लावत बसतो.

नंतर ते दुपटं घेऊन उजेडात बसले. शिलाई साखळी टाक्याची होती, एका दोऱ्याची. कांद्याच्या गोणीचं तोंड शिवतात तशी: नेमकं टोक हाती लागलं की एका ओढीत सगळी शिवण सरसर सुटून येते. गोणीला ती सोय आहे, बाळाच्या पांघरुणाला तोच धोका. दुसरी गोष्ट दोऱ्याची. सुती कापड धुतल्यावर आटतं, नायलॉन आटत नाही. कापड आखडलं की जास्तीचा दोरा फास होऊन वर उभा राहतो. शिवाय नायलॉन गुळगुळीत, त्याची गाठ सरकते. आणि सुती दोरा ताण आला की तुटेल तरी, हा तुटत नाही.

यंत्रावर माझा राग नाही. घरच्या शिवणयंत्राची साधी टीप दोन दोऱ्यांची असते, वरचा आणि बॉबिनचा एकमेकांत अडकलेला. ती अशी सरसर सुटत नाही. पट्टीची पहिली बाजू यंत्रावर लावायला हरकत नाही. मागची बाजू मात्र हातानं दुमडून हातानंच शिवावी, निदान तान्ह्या बाळाच्या दुपट्याची तरी. हाताचा टाका प्रत्येक वेळी बोटाखालून जातो. ढिला पडला की तिथल्या तिथे कळतं.

आता पट्टीबद्दल. आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, किनारीसाठी कधी नवं कापड फाडत नसत. जुन्या लुगड्याचा काठ काढून तोच लावायच्या. त्यात मोठा हिशेब आहे. नऊ वार म्हणजे 27 फूट. पाच बाय सात फुटांच्या गोधडीचा घेर 24 फूट. एका लुगड्याचा एक काठ सगळ्या गोधडीला वळसा घालून वर थोडा उरतो, मध्ये जोड म्हणून नाही. पाचवारीचा काठ तेवढा पुरत नाही. काठाची एक कड विणीतच पक्की असते, तिचे धागे निघत नाहीत. आणि लुगडं इतक्या वेळा धुतलेलं असतं की त्याला आटायचं किंवा रंग सोडायचं शिल्लकच नसतं. 1986 च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, बायांचा समुद्र लोटला होता. आत्याबाई तिथे जे लुगडं नेसून गेल्या त्याचा काठ आज आमच्या थोरल्या गोधडीला आहे. कापड विरलं, काठ टिकला.

लुगडी आता सहज मिळत नाहीत, हे मान्य. मग सुती कापड घ्या. पॉलिस्टर मिसळलेलं सुळसुळीत कापड मालेगावच्या बाजारात स्वस्त मिळतं, पण हातशिलाईत ते सरकतं, टाका धरत नाही. नवी पट्टी आधी गरम पाण्यातून काढून वाळवा. पांढऱ्या फडक्यावर ओली घासून बघा. लाल रंग हमखास लागतो. जुन्या धुतलेल्या दुपट्याला न धुतलेली नवी पट्टी लावली तर पहिल्याच धुण्यात पट्टी आटते आणि सगळी कड चुणीदार होते. जरीचा काठ बाळाला नको, टोचतो. दुपट्याला दोन-अडीच इंचांची पट्टी पुरे, जाड गोधडीला साडेतीन-चार लागते. कोपरे गोल ठेवायचे असतील तर पट्टी उरेब कापा. सरळ कडांना उरेब नको, ती ताणली जाऊन लाटा येतात.

किनार लावण्याआधी सगळे थर कडेपासून बोटभर आत कच्च्या धावदोऱ्यानं बांधून घ्या, मगच कड सारखी कापा. पट्टी सुलटीवर सुलट ठेवून पहिली शिवण घाला. हातानं घालणार असाल तर उलटी टीप. पट्टी ओढू नका आणि ढिलीही सोडू नका. ओढलीत तर दुपट्याच्या कडा वाटीसारख्या वळतात. कोपऱ्याच्या थोडं आधी थांबा, पट्टी तिरपी वर दुमडा, मग खाली आणा आणि पुढे चला. मागे पालटल्यावर कोपऱ्याची जी घडी पडते ती उघडी सोडायची नाही, टाके घालून बंद करायची. बाळाचं बोट शिरायला तेवढी फट पुरते.

मागची बाजू न दिसणाऱ्या टाक्यानं घ्यायची. सुई पट्टीच्या दुमडीतून जिथे वर आली त्याच्या अगदी समोर खालच्या कापडात घालायची, आतल्या आत पाव इंचाहून कमी सरकवायची आणि पुन्हा दुमडीतून काढायची. सुलट बाजूला टाका दिसता कामा नये. दोरा सुती, हातभरच. लांब दोरा घेतला तर गुंता होतो आणि शेवटी तो झिजून तुटतो. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला तर छान चालतो. सुरुवातीची गाठ पट्टीच्या आत लपवायची. शेवटी एकाच जागी दोन बारीक टाके, त्यात गाठ, आणि उरलेलं टोक इंचभर आत ओढून मगच कापायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: दर वीतभर अंतरावर जागच्या जागी एक पक्का टाका. पुढेमागे दोरा तुटलाच तर तेवढीच वीत उसवेल, पुढची शाबूत राहील.

कोपऱ्यांसाठी एक युक्ती कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची. हल्याळ, यल्लापूरकडे त्या कवंदी शिवतात, आपल्या गोधडीचीच बहीण. शिवण काठापासून सुरू करून आत आत नेतात आणि चारही कोपऱ्यांना तिकोनी चिंध्यांचे थर लावतात. त्यांना फुला म्हणतात. शोभाही होते आणि हाताला सगळ्यात जास्त लागणारा भाग जाडही होतो. मी गोधडीला लावून बघितले, चांगले टिकतात. दुपट्याला मात्र नको, तान्ह्याच्या कातडीला ते जाड लागतं.

दुपटं विकतचं असो की घरचं, दर धुण्यानंतर वाळलेल्या किनारीवरून चारही बाजूंनी बोट फिरवा. पेन्सिलीचं टोक जाईल असा फास दिसला की कापा आणि तेवढा भाग नव्यानं शिवा. नायलॉनचा दोरा असेल तर सगळी किनार उसवून टाका. आणि बाळ उगाचच रडतंय असं वाटलं की हिंग शोधण्याआधी त्याला उघडं करून हातापायांची वीसही बोटं उजेडात बघा. एखादं बोट सुजलेलं, लाल-जांभळं दिसलं आणि दोरा किंवा केस सहज निघत नसेल, तर टाचणीनं कोरत बसू नका. थेट दवाखान्यात जा, रात्र असली तरी.