कानबाईची रात्र आणि फ्रीजची बाटली

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी सुरतेच्या सचिन, उधना, लिंबायत भागातल्या खानदेशी घरांमध्ये कानबाई देवी बसते. रोटांचा नैवेद्य झाला की बाया अहिराणी गाणी धरतात, ती पार पहाटेपर्यंत. सोमवारी विसर्जनाला निघताना निम्म्या जणींचा आवाज बसलेला असतो आणि खापर फुटतं फ्रीजच्या बाटलीवर.

बाटलीचा तेवढा गुन्हा नाही. घोट गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं, त्यावरचं झाकण मिटतं आणि पाणी मागच्या अन्ननलिकेत उतरतं. स्वरतंतूंना ते शिवतच नाही. चुकून शिवलं तर ठसका लागतो. त्यामुळे थंड पाण्याने तंतू गारठत नाहीत आणि गरम पाण्याने शेकलेही जात नाहीत. गार घोटाने घसा आवळल्यासारखा वाटत असेल, तर गाण्याआधी साधं पाणी प्यावं, एवढंच. बाईच्या आवाजात हे तंतू सेकंदाला सुमारे 200 वेळा एकमेकांवर आदळतात, म्हणून त्यांना ओलावा हवा. तो पोटातून, रक्तावाटे, सावकाश पोचतो. ऐन गाण्याच्या तोंडावर तांब्याभर पाणी ढोसून भागत नाही. दुपारपासूनच पीत राहावं लागतं. वाफ मात्र श्वासाच्या वाटेने थेट तंतूंवर जाते.

उकळता चहा हा आवाजाचा उपाय नव्हेच. 65 अंशांवरची पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2016 मध्ये नोंदवलं. बशीत ओतून फुंकर मारत चहा पिणाऱ्या आजीबाई इथे सुनांपेक्षा शहाण्या!

खरी कारणं वेगळीच. कापड कारखान्यातल्या लूमच्या खडखडाटात दिवसभर ओरडून बोलायचं, त्याच गळ्याने रात्री ढोलकीवर मात करायची. मध्यरात्री पुरणपोळी, भजी, आणि डोळा लागला की तिथेच आडवं व्हायचं. मग पोटातलं आम्ल वर चढतं आणि सकाळी घसा खाकरून खाकरून आणखी सुजतो. शेवटचं जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत. दोन गटांनी आळीपाळीने गाणं म्हटलं, तर गळ्याला आपोआप विसावा मिळतो.

घसा बधिर करणारी गोळी चघळून गाऊ नये. दुखणं कळत नाही आणि ताण वाढत जातो. बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. मिश्री किंवा तंबाखूची सवय असेल, तर त्यात चालढकल नको.