पाण्याची पातळी आणि पंपाची मर्यादा : कार्तिक ते ज्येष्ठ

परतीचा पाऊस ओसरून विहिरी आणि शेततळी वर्षातील सर्वांत वरच्या पातळीस पोहोचलेली असतात, तो हा कार्तिकाचा काळ जालना जिल्ह्यातील बागायतदाराने पुढील आठ महिन्यांच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्यास सर्वांत योग्य होय. कारण जेथे वर्षाचा सरासरी पाऊस 700 मिलिमीटरच्या आतबाहेर आहे आणि खाली काळ्या पाषाणाचा थर असल्यामुळे विहिरीला पाझर सावकाश येतो, तेथे चैत्रात सुचलेला शहाणपणा बागेच्या उपयोगी पडत नाही. 2012-13 च्या दुष्काळात या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा कशा वाळल्या, हे ज्यांनी पाहिले त्यांना याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. उलटपक्षी कडवंचीसारख्या गावाने पाणलोटाची कामे नेटाने करून आणि शेततळी राखून द्राक्षबागा कशा उभ्या केल्या, हेही याच जिल्ह्याने पाहिले आहे.

अलीकडे पाण्याची पातळी आपोआप मोजून पंप सुरू व बंद करणारी यंत्रे अल्प किमतीत मिळू लागली आहेत, व रात्रपाळीच्या विजेने त्रस्त झालेला शेतकरी त्यांच्याकडे आशेने पाहतो, हे स्वाभाविक आहे. त्यांतील ‘अल्ट्रासोनिक सेन्सर’ मानवी कानास ऐकू न येणारा, बहुधा सेकंदाला 40,000 कंपनांचा ध्वनी पाण्याच्या पृष्ठावर सोडतो आणि विहिरीत दिलेल्या हाकेचा प्रतिसाद यावा तसा तो परत येण्यास लागलेला वेळ मोजून अंतर काढतो. युक्ती साधी आहे. परंतु ध्वनीचा वेग हवेच्या उष्णतेबरोबर वाढतो, ही गोष्ट विक्रेता क्वचितच सांगतो. पौषातील पहाटेच्या 14 अंशांना तो सेकंदाला सुमारे 340 मीटर असतो, तर वैशाखातील दुपारच्या 42 अंशांना सुमारे 357 मीटर. तापमानाची दुरुस्ती नसलेले, हिवाळ्यात जुळवून ठेवलेले यंत्र त्यामुळे भर उन्हाळ्यात तीन मीटर अंतरावर सुमारे 15 सेंटिमीटर चुकते, आणि चुकते तेही घातक दिशेने, म्हणजे प्रत्यक्षाहून अधिक पाणी दाखवून. 30 मीटर लांब, तितकेच रुंद व 3 मीटर खोल अशा तळ्याच्या तळाजवळ या 15 सेंटिमीटरांत जवळजवळ 90,000 लिटर पाणी येते. म्हणून तापमान-दुरुस्ती असलेलाच सेन्सर घ्यावा, आणि नोंद रोज पहाटे ठरावीक वेळी करावी.

याच तळ्याचा हिशेब थोडा पुढे न्यावा. बाजूंचा उतार एकास एक धरल्यास त्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. परंतु पातळी निम्म्यावर आली म्हणजे पाणी निम्मे उरले, असे समजणारा फसतो, कारण तळ 24 मीटरचाच असल्याने दीड मीटर खोलीत शेकडा 44 च्या सुमारासच पाणी शिल्लक असते. आता सहा बाय सहा मीटरवरील हेक्टरभर मोसंबीची 277 झाडे घ्यावीत आणि उन्हाळ्यात प्रत्येकास ठिबकाने रोज 100 लिटर धरावे, म्हणजे दिवसाचा खर्च 27,700 लिटर झाला. ऊन दिवसाला साधारण एक सेंटिमीटर पाणी उडवून नेते. भरलेल्या तळ्यावरून ते 9,000 लिटर होते, आणि पाणी आकसत जाते तसे काहीसे कमी. एकूण जमाखर्च पाहता भरलेले तळे जेमतेम दोन महिने पुरते. म्हणजे आंबे बहाराचा ताण तोडल्यापासून चैत्र लागेपर्यंतचे पाणी विहिरीतून निघाले पाहिजे, आणि तळे शक्य तितके भरलेले चैत्रात पोहोचले पाहिजे.

यंत्र बसविताना सर्वाधिक चूक जागेची होते. काठावरच सेन्सर लावल्यास पाणी उतरताच त्याच्या समोर पाण्याऐवजी उतारावरचा प्लास्टिक कागद येतो आणि आकडे निरर्थक होतात; म्हणून तारांचे ताण दिलेल्या लोखंडी नळीवर तो काठापासून साडेतीन-चार मीटर आत, अगदी सरळ खाली तोंड करून टांगावा. अगदी जवळचे अंतर त्याला मोजता येत नसल्यामुळे भरल्या पातळीपासून तो 40 ते 50 सेंटिमीटर उंच असावा. शेवाळ, फेस आणि तोंडावर विणलेली कोळ्याची जाळी हेही अडथळे आहेत. आठवड्यातून एकदा मऊ फडक्याने ते पुसण्याची तसदी घ्यावी. बोअरच्या अरुंद केसिंगमध्ये ध्वनी भिंतींवरून परतत असल्यामुळे तेथे हे साधन चालत नाही, आणि पन्नास फूट खोल विहिरीत स्वस्त सेन्सरचा आवाका पुरत नाही. अशा ठिकाणी पाण्यात सोडावयाचा दाबमापक, निदान मोटार कोरडी चालल्यास ती बंद पाडणारा रिले, हाच इलाज होय.

मुख्य गोष्ट मात्र मर्यादेची आहे. पंप बंद होण्याची पातळी फूटव्हॉल्व्ह उघडा पडण्यावर ठरविली, तर स्वयंचलित यंत्र माणसापेक्षा अधिक तत्परतेने विहीर उपसून मोकळे होईल, कारण त्याला झोप नाही आणि शेजाऱ्याच्या विहिरीची चिंता नाही. बंद होण्याची पातळी म्हणून पुष्कळ वर ठेवावी, आणि पुन्हा सुरू होण्याची पातळी तिच्याहून निदान दोन-तीन फूट वर. त्यायोगे झऱ्यांना अवसर मिळतो आणि स्टार्टर मिनिटामिनिटाला खटखटत नाही. तळे भरले म्हणजे विहिरीवरील पंप थांबावा, हाही बंदोबस्त त्याच मंडळात असावा. छोट्या यंत्राच्या रिलेने मोटारीचा भार थेट घेऊ नये. त्याने केवळ स्टार्टरच्या कॉइलला हुकूम द्यावा, आणि ही जोडणी अर्थिंगसह परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. मोटार केव्हाही आपोआप सुरू होऊ शकते, अशी पाटी पेटीवर लावावी व दुरुस्तीपूर्वी मुख्य स्विच पाडावा.

शंका असल्यास खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात तळ्याची मापे घेऊन जावे. यंत्र येवो न येवो, तळे भरलेले असताना या महिन्यातच काठावर सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी लावून, पहिली नोंद वहीत लिहून ठेवावी.