आठवड्याची बेरीज आणि हरवलेला २३ टन ऊस



काट्यावर आलेली प्रत्येक खेप तारखेसह संगणकात नोंदली जाते. पण रोजच्या शेकडो ओळी वाचून तोडणीचं नियोजन होत नाही, त्याला आठवड्याची बेरीज लागते. नोंदींकडून ही बेरीज मागण्याच्या भाषेला एसक्यूएल म्हणतात. तीत ‘ग्रुप बाय’ अशी आज्ञा आहे. एका खुणेच्या पावत्या एका ढिगात घालायच्या, मग ‘सम’ या आज्ञेने ढीगवार बेरीज घ्यायची. मोळ्या बांधण्यासारखंच काम! प्रश्न एवढाच, की खूण कोणती धरावी?

इथंच मी फसलो. मी तारखेतलं वर्ष आणि आठवड्याचा क्रमांक अशी खूण धरली. एक सभासद तीन पावत्या घेऊन आले : सोमवार ३० डिसेंबर २०२४ चे १२ टन, ३१ डिसेंबरचे ११ आणि २ जानेवारी २०२५ चे १३. एकाच आठवड्याचा ३६ टन ऊस, पण माझ्या तक्त्यात १३ च. “साहेब, माझा २३ टन ऊस गेला कुठं?” मला उत्तर देता येईना.

माझा भाचा मीरा रोडला राहतो, संगणकाचंच काम करतो. त्यानं फोनवर उलगडा केला. आंतरराष्ट्रीय पद्धतीत आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षाचा पहिला गुरुवार ज्यात येतो तो पहिला आठवडा. म्हणजे ३० डिसेंबरपासूनचा आठवडा २०२५ चा पहिला. मी मात्र वर्ष २०२४ घेतलेलं. त्यामुळे तो २३ टन ऊस जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात, चक्क मागल्या हंगामात जाऊन बसला! आपला हंगाम वर्ष ओलांडतो, म्हणून ही चूक आपल्याला जास्त भोवते.

उपाय सोपा आहे. क्रमांकाऐवजी त्या आठवड्याच्या सोमवारची तारीख हीच खूण धरावी. पोस्टग्रेस प्रणालीत ‘डेट ट्रंक’ हे काम करते. तिन्ही पावत्या मग ३० डिसेंबरच्या ढिगात येतात.

आणखी एक. ज्या आठवड्यात ऊस आलाच नाही, तो तक्त्यात शून्य न दाखवता गळूनच जातो. पावसाच्या तक्त्याशी मेळ घालतानाही जपावं. हवामान खात्याचे आठवडे १ जानेवारीपासून मोजतात, शेवटचा ८ दिवसांचा असतो.

पैशाचा हिशेब मात्र आठवड्यावर धरू नये. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातले १४ दिवस ऊस दिल्याच्या तारखेपासून मोजायचे असतात. तेव्हा काट्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात, आणि फरक दिसल्यास त्या घेऊनच शेतकी विभागात यावं.

– ऊस विकास अधिकारी