सेरेस : ग्रह, लघुग्रह की बटुग्रह?

सूर्यमालेत ग्रह किती, असे विचारले तर तुम्ही 'आठ' असे उत्तर द्याल. हाच प्रश्न घरी आई-वडिलांना विचारून पाहा. ते बहुधा 'नऊ' म्हणतील, कारण त्यांच्या पाठ्यपुस्तकात तसेच छापलेले होते. आणि १८३० साली युरोपातील एखाद्या शाळेत हा प्रश्न विचारला असता, तर 'अकरा' हे उत्तर बरोबर ठरले असते! एवढ्या काळात एकही ग्रह नाहीसा झालेला नाही. मग ही संख्या का बदलली? याचा उलगडा करण्यासाठी आपण एकाच गोलाची हकीकत पाहू.

१ जानेवारी १८०१ च्या रात्री सिसिली बेटावरील पालेर्मो येथील वेधशाळेत जुझेप्पे पियाझ्झी हे धर्मगुरू ताऱ्यांची यादी करीत होते. एक अंधूक तारा त्यांनी टिपून ठेवला. दुसऱ्या रात्री पाहतात तो काय, तारा किंचित सरकलेला! तिसऱ्या रात्री आणखी थोडा. तारे एकमेकांच्या संदर्भात असे सरकत नाहीत. तेव्हा ही वस्तू आपल्या सूर्यमालेतीलच असली पाहिजे. पियाझ्झींनी सावधपणे 'धूमकेतू सापडला' असे जाहीर केले, पण तिला ना शेपटी होती, ना धूसर आवरण. पुढे पियाझ्झी आजारी पडले आणि ती वस्तू सूर्याच्या तेजात दिसेनाशी झाली. हाती उरले जेमतेम ४१ दिवसांचे वेध. तेवढ्यावरून गाऊस या २४ वर्षांच्या जर्मन गणितज्ञाने तिची कक्षा काढली आणि वर्षअखेरीस ती जवळपास त्याच जागी पुन्हा सापडली. मला स्वतःला सेरेसच्या शोधापेक्षा हे गणितच अधिक थक्क करणारे वाटते.

कक्षा मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान, जवळजवळ वर्तुळाकार. म्हणजे हा ग्रहच! त्याला 'सेरेस' हे नाव मिळाले. पण १८०२ मध्ये त्याच पट्ट्यात पॅलस सापडला, १८०४ मध्ये जुनो आणि १८०७ मध्ये वेस्टा. झाले अकरा ग्रह. १८४५ नंतर तर अशा वस्तूंची रीघच लागली. ग्रहांची यादी अशी फुगत चालल्यावर खगोलशास्त्रज्ञांनी या सर्वांना 'लघुग्रह' या वेगळ्या वर्गात घातले. सेरेसचे ग्रहपद गेले.

सेरेस आहे तरी केवढा? पृथ्वी १ सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे चांगल्या टपोऱ्या काबुली हरभऱ्याएवढी माना. त्या प्रमाणात सूर्य एक मीटरहून थोडा अधिक, १०९ सेंटिमीटर व्यासाचा गोळा होईल व तो हरभऱ्यापासून ११७ मीटर दूर राहील. गुरू ११ सेंटिमीटरचा. चंद्र पावणेतीन मिलिमीटरचा. आणि सेरेस? खसखशीचा एक दाणा, सूर्यापासून सव्वातीनशे मीटरवर! त्याचा खरा व्यास सुमारे ९४० किलोमीटर आहे. तरीही पट्ट्यातील साऱ्या लघुग्रहांच्या एकूण वस्तुमानापैकी एक तृतीयांशाहून अधिक भाग एकट्या सेरेसचा आहे.

आता प्लूटोकडे वळू. तो १९३० साली सापडला आणि नववा ग्रह ठरला. पण १९९२ पासून नेपच्यूनपलीकडे एकामागून एक बर्फाळ वस्तू सापडू लागल्या. २००५ मध्ये प्लूटोएवढ्याच एरिसची घोषणा झाली. पुन्हा तोच पेच! अखेर २००६ च्या ऑगस्टमध्ये प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या केली. ग्रहाने सूर्याभोवती फिरले पाहिजे; स्वतःच्या गुरुत्वाकर्षणामुळे गोल होण्याइतके त्याचे वस्तुमान हवे; आणि आपल्या कक्षेचा परिसर त्याने इतर वस्तूंपासून मोकळा केलेला असावा. पहिल्या दोन अटी पुऱ्या करून तिसरीत नापास होणारा, आणि कोणाचा उपग्रह नसलेला गोल म्हणजे 'बटुग्रह'. प्लूटो त्या वर्गात उतरला, तर सेरेस लघुग्रहांतून वर चढला.

पहिली अट विसरू नका, बरे का. गुरूचा गॅनिमिड बुध ग्रहापेक्षाही मोठा आहे, पण तो गुरूभोवती फिरतो. म्हणून तो उपग्रहच.

धूमकेतूंची जात निराळी समजतात. बर्फ आणि धूळ यांचा हा गोळा सूर्याजवळ आला की बर्फाची वाफ होते आणि शेपटी फुटते. त्याने मागे सोडलेले धुळीचे कण पृथ्वीच्या वातावरणात शिरून जळतात, त्या उल्का. जो धोंडा पुरता न जळता जमिनीवर पोहोचतो, तो अशनी. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर अवकाशातून आलेल्या अशाच एका प्रचंड धोंड्याच्या आघाताने बेसाल्ट खडकात तयार झाले.

पण या वर्गांमधील भिंती फारशा पक्क्या नाहीत. २०१५ मध्ये 'डॉन' हे यान सेरेसभोवती फिरू लागले, तेव्हा एका विवरात पांढरेशुभ्र डाग चमकताना दिसले. ते निघाले मुख्यतः सोडियम कार्बोनेटचे, म्हणजे आपल्या धुण्याच्या सोड्याचे! आतील खारट पाणी वर येऊन उडून गेले आणि क्षार मागे राहिले. सेरेसच्या पोटात भरपूर बर्फ आहे. पियाझ्झींनी त्याला धूमकेतू म्हटले ते चुकलेच. पण बर्फापुरते पाहिले तर फार दूरचे नाते नव्हे.

सेरेस नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. मात्र पृथ्वीवरून पाहता तो सूर्याच्या विरुद्ध दिशेला येतो, तेव्हा साध्या दुर्बिणीतूनही सापडू शकतो. त्या सुमारास तो कोणत्या राशीत आहे ते आधी पाहून ठेवा. गावाच्या दिव्यांपासून दूर जाऊन आकाशाच्या त्या तुकड्यातील सारे ठिपके वहीत काढा. दोन-तीन रात्रींनी, त्याच वेळी, त्याच जागेचे चित्र पुन्हा काढा व दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहा. जो ठिपका सरकलेला दिसेल, तो सेरेस.